दुखणं लपवायला शिकवणारा तो बास्केटबॉलचा मेसेज

सध्या कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘तुमच्या मुलात आग आहे का? एनबीएचे स्काऊट वापरतात ती 7 खुणांची गुप्त चाचणी.’ एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, स्काऊट म्हणजे तिच्यासाठी खेळाडू हेरणारी माणसं. खाली सात मुद्दे. हरल्यावर जो रडत नाही त्याला भूक नाही. आठव्या वर्षाआधी बॉल हातात घेतला नसेल तर विसरा, घेतला असेल तर बाकीचे खेळ बंद करा. 13व्या वर्षी 5 फूट 8 इंच उंची नसेल तर वेळ वाया. ‘दुखतंय’ म्हणणारा मुलगा कधीच मोठा खेळाडू होत नाही. मायकेल जॉर्डनला शाळेच्या टीममधून हाकललं म्हणून तो जॉर्डन झाला, तेव्हा मुलाला टोचून बोला. प्रत्येक बास्केटमागे बक्षीस लावा. आणि यातल्या पाच खुणा दिसत नसतील तर मुलाला अभ्यासाला बसवा, भारतात या खेळात काही नाही.

मी कॉलेजात असताना विद्यापीठाच्या टीमकडून खेळले, आता संध्याकाळी पोरांना शिकवते. असल्या मेसेजना मी एरवी उत्तर देत नाही. पण हा माझ्या ताईच्या घरात शिरला. दाजींनी तो वाचला, त्यांना पटला, आणि त्यांनी तो 14 वर्षांच्या माझ्या भाच्यावर वापरला. आता गप्प बसणं मला जमणार नाही.

सगळ्यात आधी चौथा मुद्दा, कारण बाकीच्यांनी वेळ वाया जातो, यानं पोराचा पाय जाऊ शकतो.

परवा लेअपच्या, म्हणजे पळत येऊन उडी घेत जवळून बॉल बास्केटमध्ये टाकायच्या सरावाच्या, रांगेत भाचा काहीतरी विचित्र करत होता. उजव्या हातानं लेअप मारताना उडी डाव्या पायावर घ्यायची, हे त्याला झोपेतही येतं. तरी तो शेवटच्या क्षणी पावलं बदलून उजव्यावर उडत होता आणि बॉल बोर्डच्या खालच्या कडेवर आदळत होता. बाजूला घेतलं, मोजा खाली केला. डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगी जिथे सुरू होते तिथे, सुपारीएवढा उंचवटा. अंगठा टेकवला तसा त्यानं पाय झटक्यात ओढून घेतला. कधीपासून दुखतंय विचारलं तर खाली बघून म्हणाला, “मावशी, पप्पांना सांगू नको. माझे आधीच दोन पॉइंट कट झालेत.”

पॉइंट कट झालेत! दाजींनी सात खुणांचा तक्ता करून फ्रिजला लावलाय. ‘दुखतंय’ म्हटलं तर तिसरा पॉइंट जाईल म्हणून हे पोर जिने उतरताना कठडा धरत होतं आणि घरात कुणाला दिसू देत नव्हतं.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते या वयाची मुलं ज्यांच्या घरात आहेत त्या प्रत्येकानं वाचावं. या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जिथे धरतो, ती जागा वाढीच्या वयात पुरती हाड झालेली नसते, कूर्चा असते. मूल भराभर उंच होत असतं, त्यात रोज उड्या, पळणं, एकदम थांबणं. प्रत्येक उडीला स्नायू त्या मऊ जागेला ओढतो. ती सुजते, दुखते, वर येते. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, फुटबॉल खेळणाऱ्या मुलांत हे नेहमी दिसतं. उड्या आणि पळणं कमी केलं, बर्फानं शेकलं, मांडीचे स्नायू ताणायचे व्यायाम केले तर बहुतेकांचं आटोक्यात येतं आणि वाढ थांबली की सहसा मिटतं. घाबरायचं कारण नाही. पण ‘बहाणा’ म्हणून रेटत राहायचंही कारण नाही. उड्या मारणाऱ्या किशोरवयीन मुलांत कधीकधी तोच तुकडा हाडापासून तुटून सुटतो, मग ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या वयात मूल गुडघा दुखतो म्हणतं आणि बिघाड खुब्यात असतो, असंही होतं. मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या रेषेवरून सरकायला लागतं, दुखतं मात्र गुडघ्यात किंवा मांडीत. ते वेळेत सापडलं नाही तर खुबा कायमचा खराब होऊ शकतो. म्हणजे मुलाच्या तोंडून निघालेलं ‘दुखतंय’ हीच डॉक्टरला मिळणारी पहिली खूण. हा मेसेज नेमकी तीच बंद करतो. मूल लंगडत असेल, रात्री दुखण्यानं जागं होत असेल, गुडघा सुजला असेल, तर त्याची ‘आग’ तपासू नका, त्याला दवाखान्यात न्या.

मेसेजवाल्यानं एनबीएचं नाव घेतलंय म्हणून सांगते. त्याच एनबीएनं 2016 साली यूएसए बास्केटबॉल या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेबरोबर लहान खेळाडूंसाठी मार्गदर्शक नियम जाहीर केले. डॉक्टर आणि प्रशिक्षकांनी मिळून केलेले. त्यात सांगितलंय की 14 वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नका, आठवड्यात विश्रांतीचा दिवस ठेवा, कुठल्या वयाला किती मॅच आणि किती सराव याची मर्यादा पाळा, पुरेशी झोप द्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही जवळपास हेच म्हटलं, उलट एकच खेळ धरायचं वय 15-16 पर्यंत पुढे ढकला म्हणाले. दाजी, ज्यांच्या नावानं तुम्ही भाच्याचा फुटबॉल बंद केलात, ते स्वतः असं सांगतायत. आणि पोराचा फुटबॉल बंद कुठे, तर आपल्या कोल्हापुरात, जिथे शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला पाऊल ठेवायला जागा नसते!

याच दुसऱ्या मुद्द्यातला ‘आठ वर्षांच्या आत’ हा भाग तर एका दमात मोडतो. एनबीएचा दिग्गज हकीम ओलाजुवॉन नायजेरियात हँडबॉल आणि फुटबॉल खेळायचा, बास्केटबॉल हातात आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. बास्केटजवळ त्याच्यासारखी पावलं आजही कुणाला जमत नाहीत, आणि ती फुटबॉलमधून आली असं तो स्वतः सांगतो. जोएल एम्बीडनं कॅमेरूनमध्ये पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरुवात केली, 2023 मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टिम डंकन जलतरणपटू होता. 1989 च्या चक्रीवादळात त्याच्या बेटावरचा पोहण्याचा तलाव उद्ध्वस्त झाला, त्यानंतर तो बास्केटबॉलकडे वळला. पुढे एनबीएची पाच विजेतेपदं.

डंकनचं नाव निघालं म्हणून पहिला मुद्दाही इथेच. हरल्यावर रडला नाही म्हणजे भूक नाही. डंकनच्या चेहऱ्यावर जिंकल्यावर काही दिसायचं नाही आणि हरल्यावरही नाही. निकोला योकिचनं 2023 साली डेन्व्हरच्या टीमला एनबीएचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं, फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि मैदानावरच म्हणाला की काम झालं, आता घरी जाऊ. त्याला सर्बियातल्या आपल्या घोड्यांकडे जायचं होतं. मेसेजच्या चाचणीत हे दोघंही नापास. आणि इतक्या लांब तरी कशाला? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 मध्ये पॅरिसहून नेमबाजीचं ब्राँझ घेऊन आला. त्याच्या खेळात श्वाससुद्धा आवरून धरावा लागतो. त्याच्या गावाच्या जिल्ह्यात राहून आपण पोराच्या डोळ्यांतलं पाणी मोजत बसायचं?

मुलाला खेळाची किती ओढ आहे हे बघायचंच असेल तर मी काय बघते ते सांगते. चूक दाखवल्यावर पुढच्या खेपेला तो काय वेगळं करतो. बाकावर बसवल्यावर मॅच बघतो का, मध्येच ‘ताई, तो स्क्रीन कुठून आला?’ असं विचारतो का (स्क्रीन म्हणजे आपल्या खेळाडूला मोकळं करायला समोरच्याची वाट अडवणं). जो हात चालत नाही त्या हातानं ड्रिबल करायला दरवेळी सांगावं लागतं का. भाच्यात हे सगळं आहे. तरीही तो व्यावसायिक खेळाडू होईल की नाही हे मला सांगता येणार नाही आणि मी सांगणारही नाही. ज्यांचं पोटच त्यावर चालतं त्यांनाही ते सांगता येत नाही. 2013 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम क्रमानं नवे खेळाडू निवडतात त्यात, क्लीव्हलंडनं पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेटला घेतलं, चार मोसमांत तो एनबीएतून बाहेर. त्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर यानिस आंतेतोकूनम्पो निघाला, दोनदा सर्वोत्तम खेळाडू. योकिच पुढच्या वर्षी 41वा. 2007 मध्ये केविन ड्युरंटला ड्राफ्टआधीच्या तपासणीत 185 पौंडांचं वजन एकदाही उचलता आलं नाही. ही माणसं उंची मोजतात, हातांची लांबी मोजतात, शेकडो मॅचचे व्हिडिओ बघतात, मुलाखती घेतात. तेही 14 वर्षांच्या पोरांच्या नाही, 19-20 वर्षांच्या खेळाडूंच्या. आणि एवढं करूनही चुकतात. व्हॉट्सॲपवरची ‘गुप्त चाचणी’ कुठून बरोबर येणार?

उंचीचं म्हणाल तर यात अर्ध सत्य आहे, ते मान्य करते. एनबीएतली सरासरी उंची साधारण साडेसहा फुटांची. उंची कुठल्याच कोचला शिकवता येत नाही. पण 13व्या वर्षाचा आकडा म्हणजे अंतिम उंची नव्हे. कुणी बाराव्या वर्षी ताडमाड होतं आणि तिथेच थांबतं, कुणाचं सोळाव्यानंतर सुरू होतं. जॉर्डनचा टीममधला साथीदार स्कॉटी पिपेन कॉलेजात गेला तेव्हा 6 फूट 1 इंच होता, तिथे तो 6 फूट 7 इंचांच्या वर गेला. लहान असताना गार्डसारखा, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या बुटक्या खेळाडूंसारखा, बॉल हाताळायला शिकला होता, ते उंच झाल्यावर कामी आलं. आणि नुसत्या उंचीनं भागत असतं तर आपला सतनाम सिंग 7 फूट 2 इंच आहे. 2015 मध्ये डॅलसनं त्याला 52व्या क्रमांकावर निवडलं, भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. एनबीएच्या मोसमातली एकही मॅच त्याला खेळायला मिळाली नाही.

आता जॉर्डन. ही गोष्ट सांगणाऱ्याला ती पूर्ण माहीतच नाही. 1978 मध्ये विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये दुसऱ्या वर्षाला असताना त्याला मोठ्यांच्या टीममध्ये घेतलं नाही, धाकट्या टीममध्ये ठेवलं. हाकललं नाही. टीमला उंची हवी होती म्हणून त्याच्याच वर्गातल्या 6 फूट 7 इंचांच्या लेरॉय स्मिथला घेतलं, जॉर्डन तेव्हा 5 फूट 10 इंच. त्याला ते लागलं, त्यानं आयुष्यभर मनात धरलं, हे खरं. पण वर्षभर तो धाकट्या टीममध्ये भरपूर खेळला आणि दरम्यान उंचही झाला. मुख्य म्हणजे तो सल एका यादीचा होता, बापाच्या तोंडचा नव्हता. टोचून बोलल्यामुळे किती पोरांनी बॉल कायमचा खाली ठेवला, याचे मेसेज कुणी फिरवत नाही. आमच्या ग्राउंडवरून अशी मुलं गेलीत, आया नंतर भेटतात आणि ‘त्याला आता आवडतच नाही’ म्हणतात. जेवायला बसलेल्या पोराला ‘तुझ्यात आग नाही’ असं रोज ऐकवलं तर ते जेवण तरी नीट करेल का, याचा विचार करा.

बक्षिसाबद्दल थोडक्यात. 1973 मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं, त्यांतल्या काहींना चित्र काढलं तर प्रमाणपत्र देऊ असं आधी सांगितलं. प्रमाणपत्र मिळालं, आणि नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांच्या निम्म्यानंच चित्रांकडे वळली. बास्केटमागे पैसे लावलेत तर पोरगा पास देणं बंद करेल, हे सांगायला प्रयोगाचीही गरज नाही.

शेवटचा मुद्दा, भारतात यात काही नाही. दाजींचा खरा घोर हाच आहे आणि तो खोटा नाही. आपल्याकडे बास्केटबॉलच्या लीग आल्या आणि बंद पडल्या, क्रिकेटसारखा पैसा इथे नाही, घर चालेल याची खात्री मी देणार नाही. पण ‘काही नाही’ हेही खोटं. रेल्वे, सेनादल, पोलीस यांच्या टीम आहेत, त्यांतून नोकऱ्या मिळतात. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. आणि अभ्यास की खेळ असा निकाल 14व्या वर्षी लावायचा हे कुणी ठरवलं? खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत शिकत 1948 च्या ऑलिम्पिकला गेले. 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा त्याच कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. ब्राँझ आलं.

दाजी, फ्रिजवरचा तक्ता मी काढलाय. डॉक्टरांनी उड्या आणि पळणं बंद ठेवायला सांगितलंय, तोवर तो खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी बॉल हाताळतोय, मांडीचे व्यायाम करतोय, पुढच्या तपासणीनंतर काय ते ठरवू. तपासणीला तुम्हीच त्याच्याबरोबर जा, गुडघा कुठे दुखतो ते त्याला तुमच्यासमोर डॉक्टरांना दाखवू द्या. आणि ज्या ग्रुपवर तुम्ही तो मेसेज टाकलात तिथे निदान चौथ्या मुद्द्याचं हे उत्तर टाका. त्या ग्रुपवर याच वयाच्या मुलांचे पालक आहेत.