निवासासह, भोजनासह, जीएसटी वेगळा

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, शिकायचं माझ्या डोक्यात गेली सहा वर्षं आहे. माहेरी पत्र्याच्या पेटीत कागदांचं एक बासन आहे. घरात सगळे त्याला ‘जमिनीचे कागद’ म्हणतात. वाचता कुणालाच येत नाहीत, त्यामुळे ती जमीन दर दिवाळीला थोडी थोडी वाढते. यंदा ती नदीपर्यंत पोचली, तेव्हा मी ठरवलं की आता शिकायचंच.

आणि नेमकी कार्यशाळा आली. शुक्रवार ते रविवार, खडकवासल्याला, धरणाच्या जरा अलीकडे. माहितीपत्रकात बोरूचं चित्र, खाली ‘मर्यादित जागा’, आणि त्याच्याही खाली ती ओळ, जिने आमच्या घरातले पुढचे बारा दिवस खाल्ले : निवासी शुल्क ४,८०० रुपये. अनिवासी शुल्क २,९०० रुपये (दुपारचे जेवण व दोन वेळचा चहा यासह).

मी कोथरूडला राहते. पुण्यातल्या पुण्यात मुक्कामाला जायचं, हे ऐकायलाच कसंतरी वाटतं. पण तीन दिवस रोज खडकवासल्याला जाऊन परत यायचं, हेही काही सुखाचं नाही. मी जेवताना सहज म्हणाले, “निवासी घ्यावं का?” नवऱ्याने हात धुतले आणि लॅपटॉप आणला. तिथे माझं चुकलं. हा विषय मी एक्सेल नसलेल्या जागी काढायला हवा होता.

“फरक १,९०० चा,” तो म्हणाला. “दुपारचं जेवण दोन्हीकडे आहे, ते कट. आता जाण्यायेण्याचं बघू.”

रिक्षा पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. अंतर मॅपवर १७ किलोमीटर. एका फेरीचे २८८ रुपये ५० पैसे. (पन्नास पैसे त्याने खरंच लिहिले.) अनिवासीला सहा फेऱ्या, निवासीला दोन. वाचलेल्या चार फेऱ्यांचे १,१५४ रुपये. म्हणजे दोन रात्रींचं राहणं, दोन रात्रीची जेवणं आणि दोन नाश्ते, सगळं मिळून ७४६ रुपयांत! त्यात एवढ्या लांब यायला रिक्षावाला परतीचं भाडं मागणार, ते धरलंच नव्हतं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

“पण तू रिक्षाने कशाला जाशील? स्कूटर आहे की.”

एका फेरीला पेट्रोल चाळीस रुपयांचं. चार फेऱ्यांचे १६०. सातशे शेहेचाळीसचे एका दमात १,७४० झाले. मी म्हणाले, शनिवार-रविवारी सिंहगड रस्त्याला स्कूटरवर बसून बघ एकदा. उड्डाणपूल झाले, कबूल आहे. पण पुलाने गर्दी संपत नाही, फक्त पुढच्या फाट्यावर जाऊन उभी राहते. धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा, एकेक करत धरणापाशी पोचलं की तिथे अर्धं पुणे कणसं खायला उभं. उरलेलं अर्धं सिंहगडावरून पिठलं-भाकरी खाऊन समोरून येतंय. या सगळ्यातून संध्याकाळी घरी यायचं आणि आल्यावर कुकर लावायचा.

“त्याला कॉलम नाही,” नवरा म्हणाला.

मग मी आयोजकांना फोन केला. दुपारी एक ते चार त्यांनी उचलला नाही. हे पुण्यातच असल्याची ती खूण पटली. साडेचारला उचलला.

“रात्रीचं जेवण नको असेल आणि फक्त राहायचं असेल, तर किती?”

“तसा प्रकार नाही.”

“आणि राहायचं नसेल, फक्त जेवायचं असेल तर?”

“ताई, ही मोडीची कार्यशाळा आहे.”

“नाश्ता किती वाजता?”

“माहितीपत्रक नीट वाचावे, असं माहितीपत्रकात लिहिलंय. वाचलंत का?”

वाचलं. तळाला तारांकित ओळ होती : १८ टक्के जीएसटी वेगळा. आता फरक १,९०० चा राहिला नाही, २,२४२ चा झाला. नवऱ्याचा चेहरा असा उजळला, जणू ते ३४२ रुपये त्याच्याच खात्यात येणार होते. त्याने मनाचा मोठेपणा दाखवून जेवणाची वजावट दिली. कोपऱ्यावरच्या खानावळीतली थाळी १३० ची, तशा दोन. पोहे-चहा चाळीस, तसे दोन. पेट्रोलचे १६० वजा. उरले १,७४२. एका रात्रीचे ८७१.

“आणि खोलीत चौघी! म्हणजे खोलीचं एका रात्रीचं भाडं ३,४८४. अगं, मी चौऱ्याण्णव साली सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर अडीचशे रुपये महिन्याने राहिलोय. दोन रात्रींच्या पैशात जवळजवळ सात महिने!”

हा कॉट बेसिस आमच्या संसारात तिसऱ्या माणसासारखा राहतो. चार कॉट, एक खिडकी, पाणी सकाळी सहा ते साडेसात, पाहुण्यास मुक्काम नाही, दिवे दहाला बंद. घरमालकांनी दारावर चिकटवलेली ती अकरा कलमं नवऱ्याला अजून पाठ आहेत, आणि भूतलावरची प्रत्येक हॉटेलची खोली तो त्या कॉटशी ताडून बघतो. आमच्या लग्नानंतरच्या महाबळेश्वरच्या खोलीलाही यातून सूट मिळाली नव्हती.

शेवटी त्याने हुकमाचं पान टाकलं. “तू नसताना दोन रात्री आमच्या जेवणाचं काय? तो खर्च निवासीच्याच खात्यात जाणार.” पोळी-भाजी केंद्रात पोळी बारा रुपयांना. याला चार, चिरंजीवांना पाच, सासूबाईंना दोन. रोजच्या अकरा, दोन दिवसांच्या बावीस. २६४ रुपये. भाजी शंभर-शंभरची. वरण-भात तो स्वतः लावणार, म्हणून त्याचे शून्य. एकूण ४६४. माझ्या दोन रात्री २,२०६ रुपयांवर गेल्या.

मी त्या बावीसच्या आकड्याकडे बघत बसले. रोज अकरा पोळ्या. एकवीस वर्षांत त्यांचा भाव आज पहिल्यांदा निघाला होता, आणि तोही माझ्या नावे खर्चात.

तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, “सकाळी उठल्यावर आयता हातात येणारा चहा कितीला धरलास रे?”

नवरा म्हणाला, “नाश्त्यात आहे ना, दहा रुपये.”

“दहा रुपये टपरीवरच्या चहाचे. मी आयत्याचं विचारतेय.”

लॅपटॉप मिटला. मी निवासी भरलं.

*

मुक्कामी राहिलं की माणूस शिकायला आलोय हे विसरतो आणि वसुलीला लागतो. शनिवारी सकाळी मी पोह्यांच्या दोन बशा खाल्ल्या, कारण एक बशी म्हणजे तीस रुपये हे डोक्यातून जाईना. चहा तीन कप. सकाळच्या सत्रात मोडीचे स्वर होते. मोडीत इकार-उकाराला ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, एकच ठेवतात. हे ऐकून शुद्धलेखनाच्या धास्तीत वाढलेल्या माझ्यासारखीला रडू यायचं बाकी होतं. पण पोह्यांनी डाव साधला आणि व्यंजनांच्या वेळी मी पेंगत होते.

आंघोळीचं पाणी सौर. म्हणजे पहिलीला कढत, दुसरीला गरम, तिसरीला कोमट, आणि चौथीला सूर्याची आठवण. खोलीतल्या सोलापूरच्या बाई पावणेपाचला उठायच्या. त्यांचं घोरणं तेव्हा थांबायचं आणि बादलीचा आवाज सुरू व्हायचा, त्यामुळे रात्र कुठे संपली ते कळायचं. पण त्यांच्यावर राग धरता येईना. त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणली होती. दोन्ही रात्री वांग्याचीच भाजी होती. दुसऱ्या रात्री तर वांगं आम्हाला ओळखायला लागलं होतं. त्या चटणीशिवाय माझ्या १३० रुपयांच्या थाळीची वीस रुपयेही वसुली झाली नसती. गुलाबजामाच्या पातेल्याशेजारी पाटी होती : ‘कृपया दोनच घ्यावेत.’ खाली कोणीतरी बोरूने मोडीत काहीतरी लिहिलं होतं. रविवारपर्यंत ते वाचता आलं : ‘लहान आहेत’.

माझ्याच शेजारच्या सोसायटीतल्या एक बाई अनिवासी होत्या. रोज यायच्या स्कूटरवर, रुमाल-स्कार्फ-गॉगल बांधून, शिरोरेषा सुरू झाली की धापा टाकत. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग अक्षरं तिला खाली टांगत जायची. बाईंची रोजची रेघ बुडायची, नुसती अक्षरं हाती लागायची. संध्याकाळी साडेपाचला त्या घड्याळ बघायच्या आणि मी त्यांच्याकडे बघायचे. त्या फाट्याफाट्याला थांबत घरी चाललेल्या, जाऊन कुकर लावणार. मी व्हरांड्यात, पाय पसरून. याचा दर मात्र मला अजूनही काढता आलेला नाही.

शनिवारी रात्री जेवणानंतर गुरुजींनी व्हरांड्यात एक झेरॉक्स काढली. वेळापत्रकात हे नव्हतंच. म्हणाले, पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी कागद रुमालात बांधून पडलेत, वाचणारे हाताच्या बोटांवर. बघा काही लागतंय का. सगळे पुढे वाकले. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, सगळी अक्षरं हात धरून चाललेली. कुणाला सरकारी हुकूम दिसला, कुणाला लढाईची बातमी. मला मात्र उजवीकडे उभ्या रेघा दिसल्या. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. पुढे आडव्या रेघा असतील तर आणे. म्हणजे हा हिशेब. मग ‘तांदूळ’ लागला. मग ‘डाळ’. मग ‘तूप’, आणि तुपापुढे फक्त पावाची एक रेघ.

“शिधा आहे,” मी म्हणाले. “कुणीतरी मुक्कामाला आलंय, आणि त्याच्या जेवणाचा खर्च कुणीतरी मांडून ठेवलाय.”

“बरोबर. इतक्या लवकर कसं लागलं?”

बारा दिवस घरी सराव झालाय, हे मी सांगितलं नाही. फक्त, ज्याने तुपापुढे ती एकच रेघ ओढली, त्याचं आडनाव आमचं असणार याची मला खात्री आहे.

*

रविवारी रात्री घरी आले. पोळी-भाजी केंद्राच्या पिशव्या घडी घालून ठेवलेल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या नोंदींशेजारी, सासूबाईंच्या अक्षरात : शनि. – चहा पाणचट. रवि. – चहा नाही.

“नाही म्हणजे?”

नवरा ओट्यापाशी उभा होता. सिंकमध्ये माझं दुधाचं मोठं पातेलं, आतून ठार काळं, वर साबणाचं पाणी. शेजारी तारेची घासणी, तिचा जीव गेलेला. दूध गॅसवर ठेवून हा वर्तमानपत्र वाचायला बसला होता, म्हणे.

मी काहीच बोलले नाही. बॅग ठेवली, खुर्चीवर बसले. तो हात पुसून लॅपटॉप घेऊन आला. तीच शीट. खाली नवी ओळ : स्टीलचे पातेले, जाड बुडाचे, १ नग – ७५० रुपये.

“एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “हे निवासात धरू की भोजनात?”