अकरा केसेस

माझ्याकडे अकरा केसेस आहेत. हे मी कोल्हापूरच्या मामांना फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मामा आवाज खाली आणून म्हणाले, "दिवाणी का फौजदारी?"

चामड्याच्या आहेत असं सांगितल्यावर त्यांना ते फौजदारीहून वाईट वाटलं असावं. त्यांनी फोन मामींकडे दिला.

तर खुलासा करतो. अमेरिकेत पूल नावाचा खेळ खेळतात. आपण ज्याला सरसकट बिलियर्ड म्हणतो, त्याचाच हा चुलतभाऊ. त्याची काठी, म्हणजे क्यू, साधारण ५८ इंचांची असते आणि मधोमध फिरवून तिचे दोन तुकडे करता येतात. ते तुकडे घालून खांद्याला लटकवायची जी लांबट नळकांडी मिळते, तिला केस म्हणतात. आता त्या नायलॉनच्या मिळतात आणि त्यांच्याकडे बघवत नाही. पण जुन्या काळी काही केसेस जाड चामड्याच्या असत आणि त्या चामड्यावर हातानं गुलाब, ओकची पानं, वेलबुट्ट्या कोरलेल्या असत. शेजारी खडू ठेवायला पानाच्या चंचीएवढा कप्पा. अशा अकरा केसेस माझ्याकडे आहेत. क्यू एकही नाही. मला पूल खेळता येत नाही.

"मग?" असं लोक विचारतात.

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला कुणी "मग पत्रं लिहिता वाटतं?" असं विचारत नाही. पण मी केस दाखवली की आधी "खेळता का?", मग "पूर्वी खेळायचात का?", मग "मुलीला शिकवणार का?" आणि शेवटी हा "मग?" येतोच. तलवार नसताना म्यानं गोळा करणारा सरदार असावा, तशी माझी अवस्था. आमच्या कोल्हापुरात याला एक शब्द आहे: नाद. नाद म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. पण डॅलसच्या महाराष्ट्र मंडळात सगळेच कोल्हापूरचे नाहीत. गणपतीत एका काकांनी मला विचारलं, "आपल्या संस्कृतीशी याचा काय संबंध?" मी तयारीत होतो. म्हटलं, पूलच्या भावकीतला स्नूकर हा खेळ १८७५ मध्ये जबलपूरला, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मला. आणि १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्डचं जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स हे मूळचे पुण्यात जन्मलेले. काका विचारात पडले. म्हणाले, "पुण्यात कुठे?"

हा नाद लागला तो वासामुळे. डॅलसच्या पूर्वेला तासाभरावर कँटन नावाचं गाव आहे. तिथे दर महिन्याला प्रचंड बाजार भरतो. एकोणिसाव्या शतकात फिरता न्यायाधीश महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोर्ट भरवायला यायचा, तेव्हा लोक येताना घोडे, खेचरं, कोंबड्या विकायला आणत. त्यातून हा 'फर्स्ट मंडे' उभा राहिला. आता तो त्या सोमवाराच्या आधी, गुरुवार ते रविवार असतो. नावावर विश्वास ठेवून सोमवारी गेलात तर मोकळं मैदान आणि उडणारे कागद दिसतात. हे मी ऐकीव सांगत नाहीये.

पुढच्या महिन्यात रविवारी गेलो. एका तंबूत गंजलेल्या कुऱ्हाडी, बाहुल्या आणि बुटांच्या ढिगात एक चामडी नळकांडं पडलं होतं. उचललं, नाकाशी नेलं आणि थेट चप्पल लाईनीत पोचलो. दसऱ्याआधी आजोबा नवी कोल्हापुरी घ्यायला न्यायचे, तोच वास. कारण सरळ आहे. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, इथलं जुनं चामडं ओकसारख्या झाडांच्या सालीत. झाडं वेगळी, पण मुरवायची रीत तीच. आणि कोरीवकाम याच चामड्यावर होतं. ते ओलसर केलं की हत्याराचा ठसा धरून ठेवतं. रसायनात झटपट कमावलेलं चामडं ठसा घेतं आणि सोडून देतं, माझ्यासारखं. मला काल सांगितलेलं आज आठवत नाही.

हे सगळं मला त्या दिवशी माहीत नव्हतं. त्या दिवशी मी फक्त चामडं हुंगत उभा राहिलेला एक माणूस होतो आणि विकणाऱ्या बाईनं ते बघून भाव वाढवला.

मग अभ्यास सुरू झाला. चामड्याची जाडी औंसात मोजतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे आठ औंसांचं चामडं पाव इंचाच्या निम्मं. वायोमिंगमध्ये शेरिडन नावाचं गाव आहे. तिथले खोगीर कारागीर डॉन किंग (मुष्टियुद्धवाले नव्हेत, ते निराळे) यांनी रानगुलाबाची एक नक्षी रूढ केली. त्यात देठ गोल गोल फिरत एकमेकांत अडकत जातात आणि प्रत्येक गोलात एक फूल बसतं. ती नक्षी ओळखता येऊ लागली आणि मी स्वतःला जाणकार समजू लागलो. इथूनच खर्च वाढला.

केसचं मापही गमतीचं. क्यूचा जाड अर्धा भाग किती मावतो आणि पुढचा बारीक किती, त्यावरून वन बाय वन, वन बाय टू, टू बाय फोर असं म्हणतात. एका शनिवारी सकाळी मी बूट घालत होतो. बायकोनं विचारलं, "कुठे निघालास?"

"टू बाय फोर आणायला."

तिचा चेहरा उजळला. मार्चच्या वादळात आमचं मागचं लाकडी कुंपण आडवं झालं होतं आणि कुंपणाला जे लाकूड लागतं त्यालाही अमेरिकेत टू बाय फोरच म्हणतात. त्या सकाळी मला मागितल्याशिवाय दुसरा चहा मिळाला. शेंगदाणे घातलेले पोहेही. मी कोरीव ओकच्या पानांची, आतून लाल मखमल लावलेली, अत्यंत देखणी टू बाय फोर घेऊन परतलो तेव्हा ती मागच्या अंगणात हातोडी घेऊन उभी होती.

एरवी ती मला 'अरे' म्हणते. त्या दिवशी म्हणाली, "अहो, हे कुंपणाला कुठून ठोकायचं?"

बाहेर नेलं तर आणखी छळ. खांद्यावर लांब चामडी केस घेऊन रस्त्यानं निघालो की टेक्सासात लोक आदरानं मान लववतात. शेजारच्या आजोबांनी तर कुठल्या बोअरची आहे, असं आपुलकीनं विचारलं. विमानतळावर उलट. अमेरिकेत क्यू विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही, केस मात्र चालते. पण तपासणीवाल्यानं झाकण उघडून आत बघितलं, उलटी करून हलवली, काहीच पडलं नाही आणि त्याची शंका बळावली. "क्यू कुठे आहे?" "नाही." "चेक-इन केली?" "मुळातच नाही." त्यानं आणखी एकाला बोलावलं. भरलेली पेटी कुणालाही समजते. रिकामी पेटी जपून नेणारा माणूस कुठल्या खान्यात घालायचा, हे त्यांना शिकवलेलं नसावं.

सांभाळायचं तर विचारूच नका. जुनं चामडं हयगयीनं ठेवलं की त्याची लाल भुकटी सुटू लागते. इथे त्याला रेड रॉट म्हणतात. एकदा सुरू झालं की मागे फिरत नाही. माझी तिसरी केस तशी आहे. ती उचलली की शर्टावर कुंकवाचा करंडा सांडल्यासारखं दिसतं. पितळी रिव्हेटांभोवती हिरवा मेणचट थर येतो, तो दात कोरायच्या काडीनं काढावा लागतो. गॅरेजमध्ये ठेवावं तर उन्हाळ्यात तिथे पापड वाळतात. तेल द्यावं तर किती? चौथ्या केसला मी प्रेमापोटी इतकं तेल पाजलं की मधाच्या रंगाची होती ती रात्रीत मिसरीच्या रंगाची झाली आणि गुलाबांची वांगी झाली. ते तेलही नीट्सफूट, म्हणजे परंपरेनं गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं. त्याची बाटली देवघराच्या बाजूच्या कपाटात सापडली त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही.

अकरावी केस जयवंतरावांची.

इथे घरमालक वारला किंवा वृद्धाश्रमात गेला की मुलं घरातलं सगळं सामान घरातच मांडून विकतात. पहाटे दारात नंबर घ्यायचा. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी बहुधा निम्मी. शुक्रवारी एका घरात मला ती दिसली: वन बाय टू, शेरिडन पद्धतीचे गुलाब, जरा वाकडे, आणि खाली कोरलेली अक्षरं, जे. डब्ल्यू. टी. चिठ्ठी १८० डॉलरची. गॅरेजमध्ये हत्यारं होती. मूठ फिरणारा सुरा, नक्षीचे ठसे, आणि टँडी कंपनीचा डबा. म्हणजे त्यानं ती स्वतः कोरली होती.

टँडी ही फोर्ट वर्थची. १९१९ मध्ये चपला-बुटांच्या चामड्याचं दुकान म्हणून सुरू झाली. पुढे घरबसल्या चामडं कोरणाऱ्या हौशी लोकांना सामान पुरवू लागली. १९६३ मध्ये तिनं रेडिओ शॅक विकत घेतली आणि १९७७ मध्ये चक्क संगणक विकायला काढला. चामड्याकडून संगणकाकडे जाणाऱ्या त्या कंपनीला मी वाटेत उलट्या दिशेनं भेटलो. संगणकावर पोट भरतो आणि चामड्यात घालवतो.

तर १८० डॉलर. रक्तात कोल्हापूर असलं तरी खिशात मध्यमवर्ग आहे. मी इकडेतिकडे बघितलं आणि केस कपाटात, हिवाळी कोटांच्या मागे लपवली. उद्या ९०. असं करू नये, हे मला मान्य आहे.

शनिवारी पहाटे पाचला जाऊन सातवा नंबर मिळवला. आत धावलो. कोट सगळे विकले गेले होते. उघड्या कपाटात केस एकटी उभी होती आणि तिच्यासमोर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांनी ती उचलून वजन घेतलं. मला विचारलं, "तू खेळतोस?"

आयुष्यात प्रथमच म्हणालो, "हो."

"एट-बॉल का नाइन-बॉल?"

घाबरून मी म्हणालो, "सतरा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग झाकण उघडून आत बघितलं, जीभ टाळ्याला लावून आवाज केला आणि केस माझ्या हातात दिली. त्यांना टू बाय फोर हवी होती.

घरी आल्यावर मुलीनं जे म्हणजे जयवंत असं ठरवून टाकलं, म्हणून जयवंतराव. डब्ल्यूचा प्रश्न कुणी काढला नाही. त्याच आठवड्यात कोल्हापूरहून आई आली. पाहुण्यांच्या खोलीतल्या अकरा केसेस पलंगावरून उचलून जेवायच्या टेबलावर ठेवल्या. आईनं एकेक हातात घेऊन वास घेतला, शिवण बोटानं तपासली, पण कुणाला "मग?" विचारलं नाही. जयवंतरावांपाशी थांबली.

"ह्याच्यावर नाव घातलंय की रं. कुणी दिली?"

आमच्या घरातल्या निम्म्या पातेल्यांवर आत्या-मावश्यांची नावं आहेत. आईच्या हिशेबात वस्तूवरचं नाव देणाऱ्याचं असतं. मी म्हटलं, "दिली नाही, विकत घेतली. तो माणूस गेला असावा."

"नव्वद डॉलरला कोण देतंय असलं? दिल्यागतच की." आईनं अक्षरांवरून पदर फिरवला. "किती दिवस झाले त्याला?"

मला माहीत नव्हतं. आई म्हणाली तिथी ठाऊक नसली तरी चालतं, सर्वपित्री तोंडावर आलीय, मी बघतो. कोल्हापूरच्या बायका 'बघतो'च म्हणतात आणि एकदा म्हटलं की बघतात.

अमावास्येला मागच्या अंगणात, अजूनही आडव्या असलेल्या कुंपणापाशी, आईनं दोन पानं ठेवली. एक आजोबांचं, एक जयवंतरावांचं. भात, वडा, खीर, आमसुलाची चटणी. कावळा काही येईना. आला तो ग्रॅकल. लांब शेपटीचा, काळा, चकाकणारा, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये बटाट्याच्या काचऱ्यांवर जगणारा. त्यानं जयवंतरावांचा वडा एका झटक्यात उचलला, परत येऊन खीरही संपवली आणि आजोबांच्या पानाकडे पाठ करून बसला.

"मामंजींचं काहीतरी राहिलंय," आई काळजीनं म्हणाली. "कसली तरी इच्छा हाय. बोला कुणीतरी." ती स्वतःच बोलू लागली: शेत सांभाळू, नातीचं लग्न थाटात करू, दर वर्षी जोतिबाला जाऊ. ग्रॅकल पंख साफ करत राहिला.

मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोचा खणखणीत आवाज आला, "आजोबा, यापुढे हे एकही केस आणणार नाहीत! आणि कुंपण लावतील!"

ग्रॅकल वळला, टुणकन उडी मारून पानावर गेला आणि वड्याला शिवला.

आईनं डोळे मिटून हात जोडले. बायकोनंही जोडले, माझ्याकडे बघत. कुंपणाची लाकडं मी त्याच संध्याकाळी आणली. पण ग्रॅकलचा आणि कावळ्याचा काही संबंध नाही, दोघांची कुळं पूर्ण वेगळी आहेत, हे मी त्या रात्रीच चित्रांसकट छापून फ्रिजवर लावून ठेवलंय. शनिवारी फोर्ट वर्थला एक सेल आहे.