लेवानडोव्स्की होता म्हणून नवाल्का चालला? जरा थांबा

गेले काही दिवस सगळीकडे हेच फिरतंय की पोलंडच्या फुटबॉल टीमचा माजी कोच अॅडम नवाल्का याने पोलंडसाठी काही केलं नाही, स्टार स्ट्रायकर लेवानडोव्स्की होता म्हणून कोणीही कोच चालला असता, आणि 2018 च्या वर्ल्डकपला नवाल्काची लायकी कळलीच. वर हेही की प्लेअर म्हणून तरी तो कोण होता!

अहो, लेवानडोव्स्की तर आधीपण होता ना. 2012 ची युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) पोलंडच्या घरी झाली, टीममध्ये तो होता, ग्रीसविरुद्ध गोलही मारला, आणि तरी पोलंड ग्रुपमध्ये शेवटचं आलं. 2014 च्या वर्ल्डकपलाही क्वालिफाय झाले नाहीत, तेव्हा तर तो जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबमध्ये फुल फॉर्मात होता. मग 2013 च्या शेवटी नवाल्का आला आणि वर्षभरात, ऑक्टोबर 2014 मध्ये, वॉर्सात जर्मनीला 2-0 हरवलं, ताज्या वर्ल्ड चॅम्पियनला, पोलंडने जर्मनीला हरवायची ही पहिलीच वेळ. गोल कोणाचे? मिलिक आणि मिला, लेवानडोव्स्कीचा एकही नाही.

2016 च्या युरोच्या क्वालिफायिंगमध्ये लेवानडोव्स्कीने 13 गोल मारले हे मान्यच, ते कोण नाकारतंय. पण मेन स्पर्धेत बघा, पहिल्या चार मॅचमध्ये त्याचा एकही गोल नाही! नॉर्दर्न आयर्लंडला मिलिकच्या गोलवर हरवलं (युरोच्या मेन स्पर्धेत पोलंडचा हा पहिलाच विजय), जर्मनीशी 0-0, युक्रेनविरुद्ध ब्वाश्चिकोव्स्की, स्वित्झर्लंडविरुद्धही तोच आणि मग पेनल्टी. लेवानडोव्स्कीचा गोल आला तो थेट क्वार्टरफायनलला, पोर्तुगालविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला. पाच मॅचमध्ये फक्त दोन गोल खाल्ले, पेनल्टी शूटआऊट सोडून एकही मॅच हरले नाहीत, आणि बाहेर काढलं ते पुढे चॅम्पियन झालेल्या टीमने. डिफेन्समध्ये ग्लिक-पाझदानची जोडी, त्यांच्या पुढे मिडफिल्डमध्ये क्रिखोव्याक, पहिल्या मॅचनंतर गोलकीपर श्चेन्स्नी जखमी झाल्यावर फाबियान्स्की, हे सगळं कोणी बसवलं? कोचनेच ना.

2018 च्या वर्ल्डकपला नवाल्का चुकला, हो, चुकलाच. ग्लिकचा खांदा दुखावलेला, कोलंबियासमोर तीन सेंटरबॅक (मधले डिफेंडर) घेऊन उतरला आणि 3-0 मार खाल्ला, सेनेगलशी आधीच हरलेले. पण एका खराब स्पर्धेवरून आधीची चार वर्षं पुसायची हा कुठला न्याय, 2017 मध्ये फिफा रँकिंगला पाचव्या नंबरवर याच माणसाने पोचवलेलं.

आणि प्लेअर म्हणून कोण? पोलंडच्या विस्वा क्राकूव क्लबचा मिडफिल्डर, 1978 ला क्लब लीग चॅम्पियन झाला आणि त्याच उन्हाळ्यात 20 व्या वर्षी अर्जेंटिनात वर्ल्डकप खेळला, टीममध्ये डेयना, लाटो, बोनियेक यांच्यासारखे पोलंडचे दिग्गज असताना. पुढे दुखापतींनी करिअर खाल्लं.