घरच्यांसोबत बघण्यासारखी टेलिफिल्म, तीही बेळगावात

तुम्ही टेलिफिल्म काढताय असं कानावर आलं. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एका दिवाणावर बसून बघावी, मध्येच कुणाला खोकला येऊ नये, कुणी उगाच पाणी प्यायला उठू नये, अशी निर्मळ. शूटिंगही बेळगावातच. राहायला अनगोळात मामाचं घर, जेवायला मामीच्या हातचं. खर्चाचा हिशेब चोख जमवलात. आता उरलेलं माझ्याकडून ऐका.

आधी पैसे देणारा शोधा. कथा नंतर सापडते. या धंद्यातल्या थोरामोठ्यांनीही असंच केलं. अमेरिकेत शुभेच्छापत्रं विकणारी हॉलमार्क 1951 च्या नाताळच्या आदल्या दिवशी टीव्हीवर उतरली आणि तिथून मायाममतेचा पुरवठा अखंड चालू आहे. 2010 मध्ये साबण विकणारी प्रॉक्टर अँड गँबल आणि सगळंच विकणारी वॉलमार्ट यांनी मिळून एनबीसी वाहिनीवर कुटुंबाने एकत्र बघायचे सिनेमे आणले. आता साबणवाल्याला तुमच्या घरच्या संस्कारांची काळजी का, असं विचारू नका. त्यांची काळजी जुनी आहे. 1930 च्या दशकात रेडिओवर दुपारच्या मालिका त्यांनीच चालवल्या, म्हणून तर 'सोप ऑपेरा' हे नाव पडलं. बाई ऐकते, रडते, कपडे धुते.

तुम्हाला साबणवाला मिळायचा नाही. कुंदेवाला बघा, आपली ती दूध आटवून केलेली मिठाई विकणारा.

आणि कुंदेवाला मिळाला की कथा आपोआप झालीच. त्या अमेरिकन सिनेमांचा साचा ठरलेला आहे: मोठ्या शहरात नोकरी करणारी मुलगी नाताळला गावी येते, बापाची बेकरी बुडायला आलेली असते, चौकड्यांचा शर्ट घातलेला एक सज्जन सुतार भेटतो, आणि शेवटच्या मिनिटाला बेकरीही वाचते व लग्नही ठरतं. कॅनडात भर उन्हाळ्यात खोटा बर्फ पसरून, लोकरीच्या टोप्या घालून दोन-तीन आठवड्यांत सिनेमा संपवतात. दोन तासांच्या वेळेत दीडेक तास सिनेमा, बाकी जाहिराती. तुम्ही बेकरीच्या जागी कुंद्याचं दुकान घाला. सुतार तसाच ठेवा. चुंबन काढा, त्याऐवजी कुंद्याचा डबा देताना बोटाला बोट लागू द्या. एवढ्यावर आपल्याकडे आजोबा चष्मा पुसतात.

आता मुलगी कुठून परत आणायची, इथे डोकं चालवा. पुण्याहून आणलीत तर तिचा ओढा कुठं ते दिसतं. बेंगळुरूहून आणलीत तर तिचं पोट कुठं भरतं ते दिसतं. दोन्हीत कुणाचं तरी मन दुखावणार. तेव्हा दुबईहून आणा. दुबईचा आपल्याशी काही वाद नाही.

रस्त्याने मात्र आणू नका. हवा तापलेली असली तर एसटी कर्नाटकच्या हद्दीवर कोगनोळीच्या नाक्यावरच थांबते, आणि नायिका तिथं बॅग घेऊन उभी राहिली की तुमचा कौटुंबिक सिनेमा बातमीपट होतो. विमानाने सांबऱ्याला उतरवा. आकाशाला अजून कुणी पाटी लावलेली नाही.

तारीख बघून उतरवा. 1 नोव्हेंबर नको. त्या दिवशी चन्नम्मा चौकात कर्नाटक राज्योत्सवाचा डीजे असतो आणि मराठी माणूस गाव कर्नाटकात घातलं म्हणून काळा दिवस पाळत सायकल फेरीत असतो. 1956 पासून हे असंच आहे. दिवाळीत उतरवतो म्हणाल, तर पंचांग उघडा. 2024 ला लक्ष्मीपूजन नेमकं 1 नोव्हेंबरलाच आलं होतं. लक्ष्मीलाही दुसरा दिवस मिळाला नाही. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन हलग्याच्या सुवर्णसौधात भरतं, त्या दिवसांत हॉटेलात खोली मिळत नाही आणि रस्त्यात पोलिसांशिवाय कुणी फ्रेममध्ये येत नाही.

कपडेपटवाल्याला दम देऊन ठेवा. नायिकेला काळा ड्रेस नको, अर्थ निघतो. संक्रांतीचा सीन असेल तरच काळी साडी, आणि हातात तिळगूळ स्पष्ट दिसू द्या. लाल-पिवळं लुगडंही नको, त्याचा दुसरा अर्थ निघतो. हळदीकुंकवाचा सीन तर फारच जपून. करंड्यात हळद आणि कुंकू शेजारी शेजारी आले की लाल-पिवळा कन्नड झेंडा तयार! मी तुमच्या जागी असतो तर नुसतं अत्तर आणि गुलाबपाणी ठेवलं असतं.

दुकान दाखवताना कॅमेरा कंबरेच्या वर नेऊ नका. वर पाटी असते. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा आहे, आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांत बाप आपलं नाव कुठल्या लिपीत, केवढं लिहितो, यावर स्वतंत्र टेलिफिल्म होईल. पण ती निर्मळ होणार नाही. गावाचं नावही कुणाच्या तोंडी येऊ देऊ नका. सरकारी कागदावर 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी, आमच्या तोंडात बेळगाव. एका अक्षरासाठी तुमची टीआरपी का घालवता? बाप मुलीला म्हणेल, "शेवटी आलीस ना आपल्या गावाला." झालं. कुठलं गाव, ते प्रेक्षकाने आपापल्या घरी ठरवावं.

बापाची भाषा मात्र पुण्याची ठेवा. "आलीस होय गं, बस की, च्या घे की" असं तो बोलला तर वाहिनीवाले त्याला विनोदी पात्र समजतील आणि नोकराचं काम देतील. इथला 'की' कापला की माणूस सुसंस्कृत होतो.

एवढं सगळं वजा केल्यावर काय उरतं, असं तुमच्या मनात येईल. कुंदा उरतो. त्यावर मन लावून काम करा. पहाटेची भट्टी, मोठी कढई. दूध आटत येतं, खवा फुटून दाणे पडतात, साखर पडली की एक वाफ उसळते आणि पांढऱ्यावर हळूहळू तपकिरी चढत जाते. उलथणं तळाशी खरवडत फिरतं, हात थांबला की लागलाच म्हणून समजा. तो खर्र खर्र आवाज नीट पकडा. तुमच्या सिनेमात तेवढंच एक बेळगावचं असणार आहे, आणि त्याला कुठलीही लिपी नाही.

कन्नडमध्येही दाखवायचा विचार असेल तर आता वाट मोकळी आहे. कन्नड सिनेमावाल्यांनी कित्येक दशकं डबिंगला दारात उभं केलं नव्हतं. 2015 मध्ये धंद्यातल्या अडवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाने त्यांच्या संघटनांना दंड केला, त्यानंतर दार किलकिलं झालं.

आमच्या घरात मात्र डबिंग त्याच्या आधीपासून चालू आहे. शेजारच्या अक्का रविवारी दुपारी भांडी आवरून आमच्याकडे टीव्हीला येतात. त्यांना मराठी येतं, पण सिनेमातलं पटपट येत नाही. नायिका काही बोलली की त्या विचारतात, "एनंताळ आकी?" म्हणजे काय म्हणते ती, आणि आई सांगते. आईचं कन्नड बाजाराचं. भाजी, दूध, रिक्षा एवढ्यात बसणारं. त्यामुळे नायिका पाच वाक्यं बोलली तर आईच्या तोंडून दीड वाक्य निघतं, आणि त्यात सासूला चार शब्द जास्तीचे बसतात, जे लेखकाने लिहिलेले नसतात. अक्का मान डोलावतात. आईची सासू त्यांनी पाहिलेली आहे.

परवा असाच एक निर्मळ सिनेमा चालू होता. शेवटाला दहा मिनिटं असताना करंट गेला. पंखा थांबला. दोघी तशाच बसून राहिल्या, मग अक्कांनी पदराने वारा घेत उरलेला सिनेमा सांगायला सुरुवात केली, निम्मा कन्नडात, निम्मा मराठीत. आई मध्ये मध्ये दुरुस्त करत होती. त्या सिनेमात मुलीने दुकान वाचवलं नाही. बापाला सांगितलं, वीक आणि पैसे माझ्या खात्यात टाक. सुताराचं तर दोघींनाही आठवलं नाही.

हा प्रसंग तुमच्या टेलिफिल्ममध्ये घेऊ नका. संवाद कुठल्या भाषेत लिहिलेत म्हणून विचारतील.