‘सर्टिफिकेट दाखवा आणि सुटा’: एका फॉरवर्डची उलटतपासणी

गेल्या आठवड्यात हा मजकूर माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला. त्यातला एक आमच्या सोसायटीचा, जिथे एरवी पाण्याच्या टँकरवरून भांडणं चालतात. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेत मनोरुग्ण आरोपींसाठी वेगळं मेंटल हेल्थ कोर्ट आहे. खून करा, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, कोर्ट तुम्हाला वेडा ठरवून घरी सोडतं. ना शिक्षा, ना जाच. म्हणूनच तिथे गुन्हे वाढले. आता हे फॅड आपल्याकडे येतंय.’

पाच वाक्यांतलं पहिलं खरं आहे. बाकीची एकेक घेऊ.

‘खून करा.’ फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत 1997 साली न्यायाधीश जिंजर लर्नर-रेन यांनी हे कोर्ट सुरू केलं, तेव्हा त्यांचं रोजचं कामकाज चालूच होतं. त्यामुळे हे नवं कोर्ट भरायचं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. समोर यायचे ते किरकोळ गुन्ह्यांतले आरोपी. दारू पिऊन गाडी चालवणं आणि घरगुती हिंसाचार ही प्रकरणं वगळलेली होती आणि मारहाणीचं प्रकरण घ्यायचं तर मार खाणाऱ्याची संमती लागायची. पुढे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनसारख्या काही कोर्टांनी गंभीर गुन्हेही घ्यायला सुरुवात केली, पण सर्टिफिकेट फडकावत कुणी आत शिरत नाही. कोर्टाशी जोडलेले तज्ज्ञ आरोपीला तपासतात, सरकारी वकील प्रकरण पाहतो, मग दार उघडतं. तेही आरोपीची स्वतःची तयारी असेल तरच.

‘वेडा ठरवून.’ सगळा घोळ इथे आहे. (शब्द फॉरवर्डचा, माझा नव्हे.) तीन वेगळे प्रश्न एकाच पातेल्यात घातले आहेत. एक, आज या माणसाला आपल्यावरचा खटला समजतो का, वकिलाशी नीट बोलता येतं का? नसेल तर खटला थांबतो. दोन, गुन्हा घडला त्या क्षणी त्याला आपण काय करतोय हे कळत होतं का? नव्हतं हे सिद्ध झालं, तर तो निर्दोष ठरू शकतो. मेंटल हेल्थ कोर्ट या दोन्हींत मोडत नाही. तिथला आरोपी ‘मला कळत नव्हतं’ असं म्हणतच नाही. ब्रुकलिनमध्ये तर आधी गुन्हा कबूल करावा लागतो. मग उपचारांचा आराखडा ठरतो. तो पूर्ण केला तर आरोप रद्द होतात किंवा सौम्य होतात. नाही केला, तर कबुली कोर्टाच्या फायलीत आहेच.

आणि दुसऱ्या प्रश्नातून निर्दोष सुटलेले तरी घरी जातात का? फॉरवर्डच्या एका आवृत्तीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या हिंक्लीचा फोटो आहे. 1982 साली तो निर्दोष ठरला आणि थेट वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात गेला. तिथून कायमचा बाहेर पडला 2016 साली आणि कोर्टाच्या अटी सुटल्या 2022 साली. त्याहून बोलकी गोष्ट एका जॅकेटची आहे. 1975 साली वॉशिंग्टनच्या एका दुकानातून जॅकेट चोरायचा प्रयत्न एकाने केला. जास्तीत जास्त शिक्षा एक वर्ष. तोही याच मुद्द्यावर निर्दोष ठरला आणि रुग्णालयात अडकला. ‘शिक्षेची मुदत कधीच उलटली, आता सोडा’ असं तो म्हणत राहिला. 1983 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शिक्षेच्या मुदतीचा इथे संबंध नाही, बरा होईपर्यंत ठेवता येईल. सुटण्याची चोरवाट म्हणतात ती ही.

‘ना शिक्षा, ना जाच.’ या कोर्टातली एक तारीख कशी असते पाहा. सुनावणीआधी न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील आणि केस मॅनेजर (उपचारांवर लक्ष ठेवणारा माणूस) एकत्र बसून प्रत्येक आरोपीची हजेरी घेतात: गोळ्या चालू आहेत का, डॉक्टरची वेळ चुकवली का, लघवीच्या तपासणीत काही सापडलं का. मग आरोपी समोर येतो. न्यायाधीश वकिलाशी नाही, त्याच्याशीच बोलतात. झोप लागते का? नव्या गोळीने हात थरथरतो म्हणत होता, त्याचं काय झालं? नीट चाललं असेल तर भर कोर्टात टाळ्या वाजतात. बिघडलं असेल तर तारखा जवळजवळ पडतात, कधी थेट कोठडी. हे ब्रुकलिनमध्ये साधारण एक ते दोन वर्षं चालतं. किरकोळ गुन्ह्यात काही आठवडे आत बसून मोकळं होता आलं असतं, म्हणून काही जण या कोर्टाला नकार देतात. मला तो नकार समजू शकतो.

‘गुन्हे वाढले.’ सॅन फ्रान्सिस्कोतल्या कोर्टाचा 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास उलटं सांगतो. दीड वर्षानंतर, तशाच इतर आरोपींच्या तुलनेत, इथल्या लोकांवर नवा आरोप येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के कमी होती, हिंसक गुन्ह्याची 55 टक्के. यात एक मेख आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही: स्वतःहून तयार झालेली माणसं मुळातच थोडी सावरलेली असू शकतात. पण ‘वाढले’ म्हणायला आधार कुठला? टीका करायचीच तर वेगळी करा. उपचार मिळायला आधी बेड्या पडाव्या लागतात, हा तिथल्या रुग्णहक्कवाल्यांचा जुना आक्षेप आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

‘आपल्याकडे येतंय.’ 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने जी पुनर्विलोकन मंडळं आली, ती रुग्णालयातली भरती आणि रुग्णांचे हक्क पाहतात, खटले चालवत नाहीत. वरच्या दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम 22 आहे, म्हणजे दंड संहितेचं जुनं कलम 84च, आणि सिद्ध करायचं ओझं आरोपीवरच. खटला समजण्याच्या स्थितीत आरोपी नसेल, तर आपल्याकडेही खटला थांबतो आणि त्याची रवानगी येरवड्यासारख्या मनोरुग्णालयात होऊ शकते. बरा झाला की पुन्हा तारीख लागते.