ती प्लास्टिकची पिशवी

आयसीयूत पेशंट आला की पहिल्या दहा मिनिटांत आम्ही एक पिशवी भरतो. चष्मा, कवळी, कानाचं मशीन, घड्याळ, अंगठी, गळ्यातलं. पिशवीवर नाव आणि बेड नंबर, नातेवाइकांची सही, की पिशवी बाहेर. 14 वर्षं मी हे करतेय. कवळी काढायलाच हवी, नळी घालताना ती घशात जाऊ शकते. अंगठीही काढायला हवी, बोटं सुजतात. पण चष्मा आणि कानाचं मशीन? ते हरवलं तर भांडण होतं म्हणून. खरं सांगायचं तर एवढंच.

गेल्या पावसाळ्यात एक आप्पा होते. सत्तरी ओलांडलेले शेतकरी, न्यूमोनिया. तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला आणि रात्री सुरू झालं. नाकातली नळी ओढ, सलाईन उपस, पलंगावरून पाय खाली सोड. हँडओव्हरला मला मिळालं, 'सहा नंबर इरिटेबल आहे, हात बांधलेत.' रात्रभर मीही ओरडत होते, "आप्पा, झोपा! आप्पा, हात नका लावू!" जितकी मी मोठ्यानं बोलायची तितके ते जास्त घाबरायचे.

सकाळी सून भेटायला आली. पर्समधून मशीन काढून चाचरत म्हणाली, "सिस्टर, हे लावू का? याच्याशिवाय त्यांना काहीच ऐकू येत नाही."

लावलं. "आप्पा, ओळखलंत का मला?"

"तुला न ओळखायला काय झालं? हात का बांधलेत माझे? चोरी केली का मी?"

मनगटावर वळ उठले होते. रात्री दोन वाजता पट्टी मीच आवळली होती.

आयसीयूतल्या या गोंधळाला डेलिरियम म्हणतात. आजार आणि औषधं ही कारणं असतातच, त्यात चोवीस तास दिवे, अलार्म, झोप नाही, खिडकी नाही. ओरडणारा पेशंट निदान लक्षात तरी येतो. छताकडे बघत गप्प पडून राहणारा सुटतो, त्याला आम्ही 'शांत आहे' लिहून टाकतो. तपासायला सीएएम-आयसीयू नावाची पद्धत आहे, 2001 पासूनची. मूळ पद्धतीत नर्सनं दहा इंग्रजी अक्षरं एकेक म्हणायची आणि 'ए' ऐकू आला की पेशंटनं हात दाबायचा. आता मशीन पिशवीत आणि पिशवी सुनेच्या पर्समध्ये असताना आप्पा यात पास कसे होणार, सांगा.

गंमत म्हणजे आयसीयूची सुरुवातही एका पिशवीनंच झाली. ती रबराची होती. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून घेतलं आणि नळी घालून पिशवीनं हवा दिली. मग सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्या लावून अशा पेशंटांच्या उशाशी पिशवी दाबत बसले. श्वास देणारी मशीनं पुरेशी नव्हती, म्हणून उशाशी सतत माणूस होता.

वेळ कुठंय, असं माझ्याच मैत्रिणी म्हणतील. मान्य. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक नर्स हे कागदावर, रात्री माझ्याकडे तीन असतात. त्यासाठी भांडायलाच हवं आणि मी भांडतेही. पण सक्शन करताना मी तिथं उभीच असते. "आप्पा, नळी साफ करतेय, खोकला येईल" म्हणायला वेगळा वेळ लागत नाही. आणि हात बांधायला पाच मिनिटं लागतात, ती बरी मिळतात आम्हाला!

तुमचं माणूस दाखल झालं तर ती पिशवी तशीच घरी नेऊ नका. चष्मा लागतो का, कुठल्या कानानं ऐकू येतं, घरी काय हाक मारतात, हे सिस्टरला सांगा. आम्ही वैतागलेल्या दिसलो तरी सांगा.

माझ्या ड्युटीला आता चष्मा आणि मशीन उशाशी डबीत राहतं. इनचार्ज मॅडमनी बजावलंय, हरवलं तर तुझ्या पगारातून. आतापर्यंत एक चष्मा गेला, चादरीत गुंडाळून थेट लॉन्ड्रीत. भरून दिला.