दोघांनाही पंच्याहत्तर

काल दाजी मला म्हणाले, "तुझं गणित फार पुस्तकी आहे रे." अजून डोक्यातून जात नाहीये ते.

भाचीला 'चूक शोधा आणि कारण लिहा' असला गृहपाठ होता. त्यातल्या मुलाने १८/२५ चे टक्के काढलेले ९३. छेदाचे १०० करायला त्यात ७५ मिळवले, मग अंशातही ७५, झाले ९३. मी म्हटलं मिळवायचं नाही गं, गुणायचं, २५ ला ४ ने गुणलं तर १८ लाही ४ ने, ७२ टक्के, विषय संपला.

संपतो कसला. सोफ्यावर आडवे झालेले दाजी मोबाईल ठेवून चक्क उठून बसले (एरवी बेल वाजली तरी उठत नाहीत). "वर पण ७५ दिले, खाली पण ७५ दिले. दोघांना सारखंच दिलं की! चूक कुठंय?" म्हटलं दाजी, ही वाटणी नाहीये, अपूर्णांकाची किंमत बदलता कामा नये. "थांब, पडताळा घेऊ." आणि घेतला कशाचा, तर २५ पैकी २५ चा! वर ७५, खाली ७५, शंभरावर शंभर. "आले का शंभर टक्के?" आले. छेद २५ असताना त्या पद्धतीत तेवढं एकच उदाहरण बरोबर येतं, आणि ह्यांना नेमकं तेच सापडावं! मग मी २५ पैकी शून्य घेतलं. म्हणजे कोरा पेपर देणाऱ्याला ७५ टक्के, आता तरी पटेल? तर म्हणे, "आमच्या वेळी असं असतं तर!" भाची खदाखदा हसली.

पुढचं गणित, १२ हे कोणत्या संख्येचे ४० टक्के? त्या मुलाने ४०/१०० = क्ष/१२ मांडून ४.८ आणलेलं. आकडेमोड चोख, फक्त १२ वर हवे होते ते खाली गेले. उत्तर ३०. अरे, ४.८ चे ४० टक्के १२ कसे होतील, भाग पूर्णापेक्षा मोठा? हे नुसतं बघून कळतं, पण बघतंय कोण, सगळ्यांना तिरकस गुणाकाराची फुली मारायची घाई, शिकवणाऱ्यांनासुद्धा. आणि कारण लिहायला जागा दिलीय अर्धी ओळ. अर्ध्या ओळीत काय कप्पाळ कारण मावणार?

भाचीने बसवलं. पहिल्या गणितापुढे लिहिलं, "चूक आहे. पप्पांना मान्य नाही."